परशुराम मढवीचे दोन कान

कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात परशुराम मढवी स्टोअरकीपर होता, आणि अख्ख्या कारखान्याला त्याने एकच धर्म शिकवला होता. आधी खोका उघडावा, आतला माल डोळ्यांनी बघावा, मग सही करावी. न बघता सही करणाऱ्या माणसाच्या हातून संसारसुद्धा धड होत नाही, असं त्याचं मत होतं आणि ते तो कुणी न विचारता सांगत असे. अशा माणसाला सोळा वर्षांत एकदाही लेटमार्क न लागल्याबद्दल कारखान्याने वॉकमन बक्षीस दिला. हार पडला, टाळ्या पडल्या, मॅनेजरसाहेबांनी पाठीवर हात ठेवला, आणि परशुरामने भरल्या डोळ्यांनी ‘माल पूर्ण व सुस्थितीत मिळाला’ या ओळीखाली सही ठोकली. खोका त्याने बाळकुमला घरी आल्यावर उघडला. आत वॉकमन होता, तो कमरेला अडकवायचा पट्टा होता, जपानी भाषेतलं एक पुस्तक होतं. इयरफोन नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने रीतसर अर्ज केला. अर्ज वेल्फेअरकडे गेला, वेल्फेअरने त्यावर ‘स्टोअर्सचा अभिप्राय घ्यावा’ असा शेरा मारला, आणि चौथ्या दिवशी परशुरामचा अर्ज परशुरामच्याच टेबलावर येऊन पडला. दुसरा कुणी असता तर त्याने गुपचूप शिफारस केली असती. पण परशुराम पडला तत्त्वाचा. त्याने लाल शाईने लिहिलं, ‘माल पूर्ण मिळाल्याची सही आहे. मागणी अमान्य.’ मग खुर्चीवरून उठून, टेबलाच्या या बाजूला येऊन, त्याने अर्जदार म्हणून त्या नकाराची प्रत घेतली. दिवसभर त्याला स्वतःचा फार राग आला होता आणि थोडा अभिमानही वाटत होता.

आता कुणी म्हणेल, नसता ऐकला वॉकमन तर काय बिघडत होतं? बिघडत होतं ते असं, की परशुरामच्या लोखंडी कपाटात, विम्याच्या कागदांखाली, चौदा वर्षांपूर्वीची एक कॅसेट होती. त्याच्या स्वतःच्या हळदीची.

परशुरामची आई जनीबाई ही आळीची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाते ती धवलारीण. भटजी येतात आणि जातात, पण मांडव तिच्या ताब्यात असतो. धवले गाता गाता ती नवऱ्या मुलावर एक कडवं जागच्या जागी रचते. त्याच्या खोड्या काढते आणि येणाऱ्या सुनेला चार शब्द सांगते. जनीबाईने आळीतल्या कितीतरी पोरांची अशी चामडी लोळवली होती. मग पोटच्या पोराची पाळी आली. तिने कडवं म्हटलं, मांडव पोट धरून हसला, आणि मग म्हणे एकदम गप्प झाला. चार बायांनी पदराने डोळे पुसले. अख्ख्या बाळकुमात ते कडवं फक्त एका माणसाने ऐकलं नाही, ते नवऱ्या मुलाने. कारण नेमक्या त्याच वेळी मामांनी त्याच्या दोन्ही कानांत ओंजळ ओंजळ हळद भरली होती.

आणि आळीची रीत अशी की मांडवात गायलेलं कडवं मांडवाबाहेर कुणी बोलायचं नाही. धवला लग्नघरातच वाजावा. परशुरामने आईला आठ वर्षं विचारलं. ती म्हणायची, “मांडवातला मांडवान.” मग ती गेली. शेजारणींना विचारावं तर त्या तोंडाला पदर लावून हसायच्या आणि शेवटी सुस्कारा सोडायच्या. आपल्या आईने आपल्याबद्दल काहीतरी सांगून ठेवलंय, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, हे दुःख परशुरामला लेटमार्कापेक्षा मोठं वाटायचं.

बायकोला, सगुणाला, विचारण्यात तर अर्थच नव्हता. एक तर ती त्या मांडवात नव्हती, आणि दुसरं, सगुणाशी कुठल्याही गंभीर विषयावर बोलायला गेलं की ती एकच प्रश्न विचारायची, “जेवलात का?” लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून हे चालू होतं. तो ताटावरून उठून हात धूत असला तरी विचारायची. दुपारी वाण्याच्या फोनवरून कारखान्यात फोन लावून विचारायची. एकदा ऑडिट चालू असताना मॅनेजरसाहेबांनी फोन घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “मढवी, जेवलात का, असं घरून विचारतायत.” आपल्या बायकोला आपल्या पोटाच्या वर काही रस नाही, असं परशुरामचं ठाम मत झालं होतं.

घरच्या मोठ्या टेपरेकॉर्डरवर ती कॅसेट त्याने पुष्कळदा लावून पाहिली होती. ज्या मावसभावाने ती भरली त्याने यंत्र ठेवलं होतं चुलाणाशेजारी. त्यामुळे आधी ऐकू यायचा ब्रासबँड, मग टोपांचा खडखडाट, आणि या सगळ्याच्या मागे, खूप लांब, खाडीपलीकडून कुणी हाक मारावी तसा आईचा आवाज. शब्द एक कळत नसे. हाच आवाज थेट कानात सोडला तर? म्हणून इयरफोन पाहिजे होता.

पहिला त्याने ठाणे स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर घेतला. त्याचा डावा कान मुका होता आणि उजव्यात फक्त बँड होता. तो परत करायला गेला तर विकणाराच फुटपाथवरून उठून गेला होता.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचा भिवा बेंजो पार्टीत ढोल वाजवायचा. त्याच्या मते जगातल्या सगळ्या दुःखांचं कारण एकच, बास कमी पडणं. “परशूदादा, तुला सांगतो ना, बास पायजे. बास असला की मानूस आपोआप बरा होतो.” त्याने स्वतःचा इयरफोन दिला. परशुरामने तो घालून कॅसेट लावली तर कुठेतरी मागे बसलेला ढोलवाला उठून थेट त्याच्या कवटीत येऊन बसला. आई तर नाहीच, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याची खालची दाढ हलत होती. चालताना पाय आपोआप ठेक्यात पडतात हे मात्र त्याच्या लक्षात आलं, आणि कारखान्याच्या गेटवर वॉचमनच्याही आलं.

अकाउंट्समधले गद्रे डोंबिवलीचे. शास्त्रीय संगीतातले जाणकार, म्हणजे मैफलीत दुसरे लोक मान हलवायच्या आधी मान हलवणारे. त्यांनी प्रश्नाला मुळापासून हात घातला.

“मढवी, इयरफोन विकत घ्यायच्या आधी माणसाने स्वतःची आवड तपासावी. आपल्याला काय ऐकायचंय? तंबोरा, तबला, की गायकाचा श्वास?”

“आई,” परशुराम म्हणाला.

हा प्रकार गद्र्यांच्या वर्गीकरणात नव्हता. “म्हणजे कंठसंगीत,” ते म्हणाले. “मग तुम्हाला वरच्या पट्टीत स्वच्छ वाजणारा लागेल.”

त्यांच्याकडे तसा एक होता. तो दाढीच्या साबणाच्या डबीत, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला असे. तो ऐकण्यासाठी डोंबिवलीला त्यांच्या घरी यावं लागेल, आधी कान धुवावे लागतील, आणि ऐकताना बोलायचं नाही, अशा अटी होत्या. परशुराम कान धुऊन गेला. गद्र्यांनी टॉर्च मारून ते तपासलेसुद्धा. मग इयरफोन कानात गेला, आणि अहाहा, काय स्वच्छ. बँड मागे सरला. टोप निवळले. चुलाणातलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं. आणि चुलाणापाशी बसलेल्या आवडाबाईचा, म्हणजे आज शेजारी राहणाऱ्या त्याच्या सख्ख्या आत्याचा, चौदा वर्षांपूर्वीचा आवाज अगदी कानाशी येऊन म्हणाला:

“नवऱ्याचे कान बघ गो. एक मोठा, एक बारका. देवानं दोन घरातशी मागून आनलंन वाटतं.”

त्यावर सात-आठ बाया हसल्या. परशुरामने प्रत्येकीचं हसू ओळखलं. त्यातल्या दोघी आता हयात नव्हत्या, त्यांना त्याने माफ केलं. बाकीच्यांना नाही. पुढे आई गायला लागली तेव्हा त्या बाया भाकऱ्या थापायला लागल्या होत्या, आणि गद्र्यांच्या त्या स्वच्छ यंत्रात प्रत्येक थाप अशी काही खणखणीत वाजली, की आई पुन्हा बुडाली.

“कसं वाटलं?” गद्र्यांनी विचारलं.

“फारच स्वच्छ आहे,” परशुराम म्हणाला. “इतका स्वच्छ माणसाला परवडत नाही.”

त्या दिवसापासून परशुराम आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहू लागला. एकदा डावीकडून बघायचा, एकदा उजवीकडून. पट्टी घेऊन कान मोजताना सगुणाने त्याला पाहिलं. ती फक्त जेवलात का म्हणाली. आवडाआत्या ओट्यावरून हाक मारायची तर हा तोंड फिरवून निघून जायचा. चौदा वर्षांपूर्वीच्या बोलण्याबद्दल आज भांडायचं कसं, हा पेच होता. आणि भांडण न करता राग धरून बसणं बाळकुमात कुणाला समजत नाही. आळीने मनात नोंद केली, की परश्याचं काहीतरी चाललंय.

शेवटी कुणीतरी विठ्ठलवाडी स्टेशनजवळचं एक दुकान सांगितलं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. पण आत इयरफोन असे लटकत होते जशा बाजारात सुक्या बोंबलाच्या माळा. दुकानदार म्हातारा सिंधी. त्याने आवड-निवड काही विचारली नाही. परशुरामची हनुवटी धरून त्याने त्याचं डोकं एकदा इकडे वळवलं, एकदा तिकडे, आणि निदान सांगितलं.

“साब, माल में खराबी नहीं है. आपका कान दो नंबर का है. लेफ्ट बडा, राइट छोटा. कोई भी लगाओ, एक में से आवाज भागेगा, दूसरे में घुसेगा ही नहीं.”

म्हणजे आवडाआत्या बरोबर होती. परशुरामला ते लागलं, पण तो स्टोअरकीपर होता. माल कमी-जास्त असला तर तसा तो लिहून घ्यावाच लागतो.

म्हाताऱ्याने डॉक्टरी नळीची जुनी रबरी बोंडं काढली, ती कापली, घासली आणि इयरफोनवर चढवली. हे एका दिवसाचं काम नव्हतं. शिंप्याकडे कपडे घालून बघायला बोलावतात तसं त्याने परशुरामला तीन शनिवार बोलावलं. तीन शनिवार परशुराम कानाला तेल लावून, धुतलेला शर्ट घालून, घरी नीटसं काही न सांगता विठ्ठलवाडीला गेला. आळीने हेही मनात नोंदवलं.

तिसऱ्या शनिवारी बोंडं बसली. डावं मोठं, उजवं लहान. रस्त्यावरचा रिक्षाचा भोंगा विझला, म्हाताऱ्याचे ओठ नुसते हलायला लागले. परशुरामने बटण दाबलं. बँड होता, पण बँडच्या जागी होता. टोप टोपांच्या जागी होते. आणि मधोमध, हाताच्या अंतरावर, आई खाकरली. धवला सुरू करण्याआधी ती तशीच खाकरायची. तेवढ्यात सेल संपले. आई खाली खाली जात एखाद्या पैलवानाच्या आवाजात विरून गेली.

“दुनिया बंद, गाना चालू,” म्हातारा म्हणाला. “सेल बाहर से ले लेना.”

दुसऱ्या दिवशी रविवार. सगुणा मुलीला घेऊन कळव्याला माहेरी गेली होती. परशुराम दुपारी जेवला, नवे सेल घातले, मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला, बोंडं कानात घट्ट दाबली आणि डोळे मिटले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दुनिया बंद झाली की माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाजही राहत नाही. परशुरामची पद्धत अशी होती, की अर्धी ओळ ऐकायची, ती पक्की करायला स्वतः म्हणायची, मग टेप मागे घ्यायची आणि पुढची अर्धी ओळ ऐकायची. आपण मनातल्या मनात म्हणतोय अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात तो बेंबीच्या देठापासून गात होता, आणि पडवीच्या मागेच आळीची विहीर होती.

विहिरीवर शेजारच्या शकूने पहिल्यांदा ऐकलं. मढव्यांच्या घरात धवला. तिने कळशी तिथेच ठेवली. धवला म्हणजे हळद, हळद म्हणजे लग्न, आणि शेजारच्या घरचं लग्न म्हणजे आपण पाट्यापाशी नसलो तर जन्मभराची लाज. पंधरा मिनिटांत पाच बाया पाटे-वरवंटे घेऊन अंगणात आल्या. बोलावणं का आलं नाही याचा राग होता, पण राग हळद वाटतावाटताही धरता येतो.

“पन लगीन कोनाचं?” शकूने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. घरात लग्नाचं कुणी नव्हतं. मुलगी दहा वर्षांची. मग जो तो आपापल्या नोंदी काढू लागला. आरसा. तेल. धुतलेला शर्ट. तीन शनिवार विठ्ठलवाडी. बायको माहेरी.

“दुसरी करतंय,” भिवा म्हणाला. त्याला वाईट वाटलं, पण तो ढोल आणायला गेलाच. लग्न कसंही असलं तरी बास पाहिजे.

आवडाबाई काठी टेकत आली. ती पडवीच्या दाराशी उभी राहिली आणि आत काय चाललंय ते ऐकू लागली. पुरुषाचा आवाज होता, सुराशी त्याचं जुनं वैर होतं, पण शब्द तिच्या भावजयीचे, जनीबाईचे होते. शकू आत जाऊन त्याला हलवायला निघाली तर म्हातारीने काठी आडवी धरली.

“कुनी हात लावू नका. धवला मधीच तोडत नाय.”

आणि अशा वेळी सगुणा कळव्याहून परत आली. हातात सुकटीची पिशवी, मागे मुलगी. तिने दारात वाटलेली हळद पाहिली, भिवाचा ढोल पाहिला, आणि चाळीस माणसं तिच्याकडे मयतीला बघावं तशी बघताना पाहिली. कुणीतरी हळूच सांगितलं, की तुझ्या नवऱ्याचं लग्न आहे. सगुणा पिशवी घेऊन तशीच आत गेली.

परशुराम कडव्याला पोहोचला होता. चौदा वर्षं हुकलेलं कडवं त्याने शेवटची ओळ सोडून तुकड्या-तुकड्याने गोळा केलं होतं, आणि आता टेप मागे घेऊन, डोळे मिटून, आईच्या बरोबरीने तो ते पहिल्यांदाच सलग गात होता:

“परश्या माझा शाना गो, शाना गो बाय,
शालेला गेला, दप्तर घरान हाय.
परश्या माझा नवरा गो, नवरा गो बाय,
मुंडावल्या बांधल्या, टोपी शोधताच हाय.”

पडवी हसली, अंगण हसलं. परशुराम गातच राहिला, कारण त्याला हसू ऐकू येत नव्हतं. टेपवरचं येत होतं.

“ये गो सुने सगुने, हात याचा धर,
उपाशी निजंल पन बोलाचा नाय घरभर.
मी नसन तवा गो, इसरू नको बाय,
रोज याला इचार, जेवलास का नाय.”

शेवटची ओळ त्याने अर्धीच म्हटली. उरलेली अर्धी आई एकटीच गायली. तो तोंडाचा आ करून भिंतीकडे बघत बसला. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनचे सगळे प्रश्न त्याला एकदम आठवले. हात धुताना विचारलेले, वाण्याच्या फोनवरून विचारलेले, ऑडिटच्या दिवशी मॅनेजरसाहेबांच्या तोंडून आलेला तो एक. मग त्याने बोंडं उपटली आणि वळून पाहिलं. अख्खी आळी होती, आणि सगळ्यांत पुढे सगुणा.

“तुला माहीत होतं?” त्याने विचारलं.

“उंबरा ओलांडला तेव्हाच आवडाआत्यांनी कानात सांगितलं. सुनेला सांगितलेलं सुनेला पोचवायचं असतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“मांडवातलं मांडवात,” सगुणा म्हणाली. “आणि चौदा वर्षं ज्या प्रश्नावर कपाळाला आठ्या घालताय, तो कुणी विचारायला लावलाय हे कशाला सांगू? तुम्ही आईंवरही आठ्या घातल्या असत्या.”

आवडाबाई काठी आपटून मधे बोलली. “ता ऱ्हाऊ दे. धवला गायलास तर आता हलद लागलीच पायजे. रिकामा धवला घराला बरा नाय.”

“पण आत्या, लग्न कुणाचंच नाही.”

“नवरा तू हायस. नवरी ही समोर उबी हाय. नवीन आनाला कनाला पायजे?”

यावर मात्र आळी एका आवाजात हसली, आणि भिवाने ढोलावर पहिली थाप दिली. सगुणाच्या हातातली सुकटीची पिशवी कुणीतरी काढून घेतली. परशुरामला पाटावर बसवलं. वॉकमन वाचवायला तो दोन्ही हात वर धरून बसला, त्यामुळे कान उघडे पडले, आणि शकूने आधी मोठा कान भरला, मग लहान. हळद अशी गच्च बसली की विठ्ठलवाडीच्या म्हाताऱ्याने मान डोलावली असती.

तेवढ्यात त्याने पाहिलं, आवडाबाईने सगुणाला पुढे ढकललं. सगुणा लाजली, मग पदर खोचून उभी राहिली, आणि त्याच्याकडे बघत काहीतरी गायली. चार ओळी असाव्यात. आळी वाकून वाकून हसली. भिवा ढोलावर आडवा पडला. शेवटच्या ओळीला मात्र सगळे गप्प झाले आणि आवडाबाईने पदर डोळ्यांना लावला.

परशुरामने बोटं घालून घालून हळद काढली. डावा कान मोकळा झाला तेव्हा गाणं संपलं होतं. वॉकमन नुसता ऐकवणारा होता, भरून घेणारा नव्हता.

माणसं पांगली. संध्याकाळी अंगण झाडणाऱ्या सगुणाच्या मागे तो पिवळे कान घेऊन जाऊन उभा राहिला.

“काय गायलीस माझ्यावर?”

सगुणाने केरसुणी ठेवली. त्याच्या डाव्या कानातली राहिलेली हळद तिने पदराच्या टोकाने पुसली.

“जेवलात का?”

दुपारी तो पोटभर जेवला होता, आणि आळीने लग्न म्हणून केलेला भातही त्याने दोनदा घेतला होता.

“नाही,” परशुराम म्हणाला.